निवेदनाची पहिली ओळ

“मग मला सांगा गुरुजी, देशावर कर्ज किती आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचं मत आणि माझं मत सारखंच कसं?”

एवढं विचारून दामोदरराव ढवळे ओट्यावर जरा ताठ बसले. हा प्रश्न त्यांनी तालुक्याच्या सभेत विचारला होता, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर विचारला होता, इतकंच काय, मुलीच्या सासरी जेवणाच्या पंगतीतही विचारला होता. आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. पंगतीत तर लोकांनी मुकाट्यानं आणखी एकेक पोळी घेतली होती.

समोर घोंगडीवर अंबादास गुरुजी बसले होते. वय एक्याण्णव. कवठदऱ्याच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं मुलं शिकवली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांना म्हणून लिहिता येतं, त्यातल्या निम्म्यांचा तरी हात धरून पहिलं अक्षर गुरुजींनीच गिरवून घेतलेलं. दामोदररावांचंही.

“किती आहे?” गुरुजींनी विचारलं.

दामोदररावांनी आकडा सांगितला. तो इतका लांबलचक होता, की सांगताना त्यांना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला.

“शून्यं किती आली रे त्यात?”

दामोदरराव बोटांवर मोजू लागले. मध्येच चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

“राहू दे,” गुरुजी म्हणाले. “लहानपणीही तू शून्यं खायचास.”

दामोदरराव हसले. सबंध जिल्ह्यात त्यांना असं बोलणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. बाकीचे ‘साहेब’ म्हणत. मुंबईला सरकारच्या अर्थखात्यात तीस वर्षं काढून, मोठ्या खुर्चीवरून निवृत्त होऊन ते गावाकडं आले होते. पण ह्या ओट्यावर बसलं, की खुर्चीबिर्ची सगळी गळून पडायची आणि खाली चड्डीतला दामू उरायचा. त्यांना ते आवडायचं. आज मात्र दामूनं मध्ये येणं परवडणारं नव्हतं, कारण आज काम होतं.

“हसण्यावारी नेऊ नका गुरुजी. आज जन्मलेलं पोरसुद्धा डोक्यावर कर्ज घेऊन येतंय. आणि पुढारी? सकाळी ह्या पंगतीत, संध्याकाळी त्या पंगतीत. निवडणूक आली, की हे फुकट, ते फुकट. आणि हे अंगठेबहाद्दर लोक जातात, बटण दाबून येतात. विचारा त्यांना, का दिलं मत? म्हणतील, साडी मिळाली.”

“खरं आहे,” गुरुजी म्हणाले.

दामोदररावांना एवढ्या लवकर होकार येईल असं वाटलं नव्हतं.

“कर्ज वाढलंय, हे खरं. पुढाऱ्यांना चाड उरली नाही, हेही खरं. मलाही काळजी वाटते रे… नातवाला पोर झालंय आत्ता. बरं, पुढं?”

दामोदररावांनी पिशवीतून कागद काढला. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर दिल्लीपर्यंत पाठवायचं निवेदन होतं. खाली एकशे बारा सह्या. वर, सगळ्यांत पहिली ओळ मात्र रिकामी.

“ही तुमच्यासाठी ठेवलीय,” ते म्हणाले.

ठेवायलाच लागली होती. तालुक्यात ज्याच्याकडं जावं, तो विचारी, “अंबादास गुरुजींची आहे का? मग माझी घ्या.” वकील असो, डॉक्टर असो, सगळ्यांचं हेच. ‘पहिली ओळ त्यांचीच’ असा शब्द दिला, तेव्हा कुठं खालच्या सह्या झाल्या. परवा सोमवारी निवेदन द्यायचं होतं. पहिली ओळ रिकामी राहिली असती, तर दामोदररावांच्या दोन वर्षांच्या वणवणीवर पाणी पडलं असतं. पण खरं सांगायचं, तर तेवढंच नव्हतं. गुरुजींनी एकदा ‘शाबास’ म्हणावं, एवढ्यासाठी ते सासष्टाव्या वर्षी उन्हातान्हाचे आले होते.

“वाच,” गुरुजी म्हणाले. “डोळ्यांना दिसत नाही आता.”

दामोदररावांनी वाचलं. भाषा कडक होती. देशाची स्थिती, कर्जाचा बोजा, नेतृत्वाची घसरण… आणि शेवटी मागणी :

“सबब, ज्या व्यक्तीस स्वतःची सही करता येत नाही, अशा व्यक्तीस मताधिकार नसावा.”

“पुन्हा वाच. शेवटचं.”

दामोदररावांनी पुन्हा वाचलं. या खेपेला आवाज जरा चढवला.

सून चहा ठेवून गेली. चहावर साय धरली.

“मागच्या महिन्यात तू तालुक्याला भाषण केलंस,” गुरुजी म्हणाले. “नातवानं मोबाइलवर ऐकवलं मला. त्यात आईबद्दल काय म्हणालास?”

“खरं तेच म्हणालो. माझी आई अडाणी होती. मतदान केंद्रावरच्या माणसाला विचारून तिनं मत दिलं. मी स्वतः पाहिलंय, असं म्हणालो.”

“तो माणूस मीच होतो.”

“म्हणूनच नाव नाही घेतलं, गुरुजी.”

“बरं केलंस…”

गुरुजींनी बशीत चहा ओतला. बशी डुगडुगली, थोडा चहा घोंगडीवर सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

“काय काय आठवतं रे तुला त्या दिवसाचं?”

काय नाही आठवत! दामोदररावांचं भाषणातलं वाक्य जिभेवरून कुठच्या कुठं निघून गेलं. अठ्ठावन्न वर्षं झाली. आई पहाटे न्हाली होती. लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती, जे त्याआधी त्यांनी तिच्या अंगावर कधी पाहिलं नव्हतं. वस्तीपासून शाळा दोन कोस. आठ वर्षांचा दामू तिचा पदर धरून चालत होता, आणि वाटेत भूक लागली म्हणाला, तर आई म्हणाली होती, “आधी मत, मंग भाकर.” शाळेला नवा चुना दिलेला होता. दारात बायकांच्या वहाणांचा ढीग पडला होता. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या. देवळात जाताना काढतात तशा जिनं तिनं आपल्या मनानं काढल्या होत्या.

किती चांगले दिवस होते! पोटात अन्न नव्हतं, पायात काही नव्हतं, आणि तरी आई त्या दिवशी केवढी उंच दिसत होती. हे सगळं दामोदररावांनी तोंडानं सांगितलं की नुसतं मनात आणलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

“तिचं नाव आदल्या यादीतून गळलं होतं,” गुरुजी म्हणाले. “यादी करायला आलेल्याला बायकांनी नावंच सांगितली नाहीत. हिनंही नाही सांगितलं. त्यानं लिहिलं, ‘ढवळ्याची बायको’. वरच्यांनी खोडलं. दुसऱ्या खेपेला मी आलो वस्तीवर. म्हटलं, बाई, स्वतःचं नाव सांगा, नाही तर पुन्हा खोडतील. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, ‘चंद्रभागा.’”

दामोदरराव ऐकत राहिले. हे त्यांना माहीत नव्हतं.

“मग मतदानाला आली. मी बोटाला शाई लावली, कागद दिला. ती वाकून माझ्या कानात काहीतरी बोलली. ते तू पाहिलंस.”

“हो.”

“काय बोलली असेल?”

“त्यात काय बोलायचं असणार? शिक्का कुठं मारू, असं विचारलं असेल.”

गुरुजी हसले. तोंडात दात नव्हते, त्यामुळं हसू सगळं डोळ्यांत गेलं.

“पदराच्या गाठीत दहा पैसे होते. ते दाखवून म्हणाली, ‘गुर्जी, माझ्याजवळ इतकंच हाय. देशाला घातलं तर चालंल का?’”

दामोदररावांनी हातातला कागद मांडीवर ठेवला.

“मी म्हटलं, बाई, ही दानपेटी नव्हे. यात नुसता कागद टाकायचा. तर म्हणाली, ‘एवढ्या लांबनं आले, अन् रिकाम्या हातानं जाऊ?’ … गेली पडद्याआड.”

“मग?”

“मग काय? चार दिवसांनी तालुक्याला मोजणी होती. मीही होतो. आपल्या गावची पेटी उलटी केली, तर कागदांबरोबर खण्णकन दहा पैसे. सगळे साहेब एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. कायद्याच्या पुस्तकात सगळं होतं, एवढंच नव्हतं. शेवटी मोठ्या साहेबानं ते सरकारजमा केलं आणि पावती फाडली. कारकुनानं विचारलं, साहेब, नाव कुणाचं लिहू? मला ठाऊक होतं. पण मी गप्प राहिलो.”

“का?”

“मत गुप्त असतं, दामू.”

“…मग पावतीवर?”

“‘एक मतदार’ असं लिहिलं.”

दामोदररावांनी चष्मा काढला आणि धोतर नसल्यामुळं शर्टाच्या टोकानं पुसला. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तू त्या दिवशी गुरुजींच्या कानात काय बोललीस, एवढं एक त्यांनी तिला जन्मात कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे अशी त्यांची खात्री होती. आणि ते उत्तर त्यांनी माइकवरून चारशे माणसांना सांगितलं होतं. त्यांना आईची फार आठवण आली. लाजही वाटली.

पण दोन वर्षांची वणवण अशी एका गोष्टीनं सोडवत नाही. माणूस मोडतो, निवेदन मोडत नाही.

“ते दिवस गेले, गुरुजी,” ते म्हणाले. “तशी माणसं आता उरली नाहीत. तेव्हाची अडाणी माणसं द्यायला यायची, आत्ताची घ्यायला येतात. म्हणून तर हा कागद.”

“बरं,” गुरुजी म्हणाले.

मग घराकडं वळून त्यांनी सुनेला हाक मारली. “कमल, ती डबी आण गं.”

सुनेनं एक चपटी पत्र्याची डबी आणून दिली. गुरुजींनी ती नखानं उघडली. आत जांभळ्या शाईनं भिजलेली गादी होती.

“आण तो कागद इकडं. पहिली ओळ कुठाय, तिथं माझा हात धर.”

गुरुजी सही करणार! दामोदररावांनी घाईघाईनं खिशातलं चांगलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुढं केलं.

गुरुजींनी पेन घेतलं नाही. उजवा अंगठा गादीवर दाबला, आणि दामोदररावांनी धरलेला हात पहिल्या ओळीवर टेकवला.

एकशे बारा सह्यांच्या डोक्यावर एक जांभळा अंगठा उमटला.

“गुरुजी!… अंगठा?”

“हो.”

“तुम्ही सही करा की! तुम्ही…”

गुरुजींनी हात वर धरला. पानासारखा थरथरत होता. मघाचा सांडलेला चहा दामोदररावांना आत्ता कळला.

“दोन वर्षं झाली. पेन धरवत नाही. बँकेतसुद्धा हेच चालतं.”

दामोदरराव कागदाकडं बघत राहिले. शेवटची ओळ त्यांची स्वतःची होती, स्वतः रात्रंदिवस घासूनपुसून लिहिलेली. स्वतःची सही करता येत नाही, अशा व्यक्तीस…

“गुरुजी, असा कागद मी कसा देऊ? तुमचा अंगठा, आणि खाली ही मागणी… लोक हसतील मला.”

“मी दोनदा वाचून घेतलं होतं, दामू.”

पलीकडं शाळा सुटल्याचा कलकलाट ऐकू आला. दामोदररावांना एकदा वाटलं, कागद घडी करून उठावं. पण उठवेना. मग वादात हरणारं माणूस शेवटचं हत्यार काढतं, तसं त्यांनी काढलं.

“तुमचं वेगळं, गुरुजी. तुमचा हात थकलाय, डोकं नाही. पण न शिकलेल्या माणसाच्या हातात देश दिला, तर तो बुडणारच ना? हे कर्ज बघा!”

“बघतोय…” गुरुजी म्हणाले. “तू नोकरीत होतास, तेव्हा कर्जाचे कागद तुझ्या टेबलावरून जायचे ना?”

“जायचे. हजारो.”

“त्यांत अंगठे किती होते?”

“अंगठे कसे असतील, गुरुजी? सगळ्या सह्याच असायच्या. मंत्र्यांच्या, सचिवांच्या…” दामोदररावांचा आवाज उतरत उतरत पार तळाला गेला. “…काही माझ्याही.”

गुरुजींनी मान हलवली. जांभळा अंगठा घोंगडीला सावकाश पुसला. वर्गात पाटी तपासायला घेताना विचारायचे, त्याच मायेनं त्यांनी विचारलं :

“अक्षर चांगलं होतं ना रे सगळ्यांचं?”