ओल न दाखवणारा फोन

जनावरांच्या हाती नुकतेच मोबाईल आले होते, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या बिळांची दलाली करणारी घूस माकडाच्या दुकानात फोन घ्यायला गेली.

"हा घ्या, घूसबाई. आवाज अगदी स्पष्ट येतो," माकड म्हणालं.

"आवाज काय चाटायचाय? फोटोत बीळ ऐसपैस दिसलं पाहिजे, अन् भिंतीची ओल दिसता कामा नये!"

तसा फोन मिळाला. फोटो बघूनच एका गाभण सशिणीने बीळ घेतलं.

पावसाळ्यात ओढा बिळात शिरला. "घूसबाई, पिल्लं बुडतायत हो!" सशिणीने फोनवर टाहो फोडला. घुशीला नुसती खरखर ऐकू आली. 'झाली हिची कुरकुर सुरू,' म्हणत तिने फोन ठेवला.

पाणी ओसरल्यावर ती बीळ बघायला गेली. आत कुणीच उरलं नव्हतं. घूस क्षणभर थबकली. मग दारातला चिखल सारून तिने फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'बीळ रिकामं आहे. ताबा लगेच.'