साळू आणि ढगातल्या नोंदी

एका जंगलात अंगभर काटे असलेली एक साळू राहत असे आणि तिची वैद्यकी दूरवर नावाजलेली होती. रोज सकाळी ती आपल्या बिळाशी रोगी तपासत असे आणि दर सोमवारी दोन टेकड्या ओलांडून पाणवठ्यावर जात असे, कारण म्हातारी आणि लेकुरवाळी जनावरे तिच्या बिळापर्यंत कुठून येणार? औषधे तिला पाठ होती. पण कुणाला काय मानवले आणि कुणाला काय बाधले, हे लक्षात ठेवता ठेवता बिचारीच्या नाकी नऊ येत. तिच्याकडे एक कॉम्प्युटर होता. कुठून आला म्हणून विचारू नका. गोष्टीत येतात तसा आला होता. त्यावर तिला डेटाबेस करायचा होता, म्हणजे नोंदींचा असा नीट लावलेला साठा, की रोग्याचे नाव विचारताच त्याची सगळी हकिकत समोर यावी.

असा डेटाबेस बांधायची साधने दोघांकडे होती. पाणवठ्यावरच्या झाडात जाळे विणून राहणारा कोळी म्हणाला, "माझं साधन ऑनलाइन आहे, साळूताई. नोंद बिळात करा आणि कुठंही उघडा. इथं पाणवठ्यावर माझ्या फोनवरसुद्धा दिसेल."

"पण नोंदी राहणार कुठं?"

"ढगात," कोळी म्हणाला. त्याच्या धंद्यातला रोजचाच शब्द, तो सहज बोलून गेला.

साळूने वर पाहिले. चैत्रातले आभाळ अगदी कोरडे ठणठणीत होते. 'आणि ढग आले तरी काय? बरसले की माझ्या नोंदी गेल्या वाहून!' असे ती मनात म्हणाली. विचारले मात्र नाही. एवढ्या नावाजलेल्या वैद्यिणीने असले प्रश्न विचारायचे म्हणजे चारचौघांत हसूच! "बघते," म्हणून ती उठली आणि थेट सुतारपक्ष्याकडे गेली. त्याचे साधन डेस्कटॉपचे होते. ज्या कॉम्प्युटरवर डेटाबेस बांधायचा, त्यातच तो राहायचा.

"रेंज असो नसो, हे चालेल," सुतारपक्षी म्हणाला. "पण बघायचं तर बिळातच यावं लागेल. तुम्हाला बाहेर लागतो का?"

"छे छे, बिळातच बरा," साळू घाईघाईने म्हणाली. सुतारपक्ष्याने दोन दिवस खपून सुबक काम करून दिले. साळूने सगळ्या जुन्या नोंदी त्यात भरल्या.

पुढच्याच सोमवारी पाणवठ्यावर एक हरिणी रडत ओरडत आली. तिच्या पाडसाला गांधीलमाश्या डसल्या होत्या. गळा सुजून त्याला श्वास घेता येत नव्हता. साळूच्या पिशवीत एक कडू साल होती आणि एक पिवळी मुळी. दोन्ही सुजेवर गुणकारी, पण त्यातले एक औषध याच पाडसाला मागे इतके बाधले होते की ते मरता मरता वाचले होते. कोणते? काही केल्या साळूला आठवेना.

"ताई, तेव्हा मी भानावर होते का?" हरिणी म्हणाली. "तुम्हीच दिलंत, तुम्हीच लिहून ठेवलंत!"

नोंद होती. अगदी व्यवस्थित होती. पण ती दोन टेकड्यांपलीकडे बिळात होती.

पाणी प्यायला आलेल्या सुतारपक्ष्याने हे ऐकले. "मी बघून येतो," एवढेच म्हणून तो भर उन्हात उडाला. साळू पाडसाच्या गळ्याला गार पाणी लावत बसली. कोळी आपल्या जाळ्यातून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "ताई, माझं साधन का नको म्हणालात?"

साळूने मान खाली घालून मनातली भीती सांगितली. कोळी हसला नाही. "अहो, ढग हे नुसतं नाव आहे. लांब कुठंतरी मोठे कॉम्प्युटर असतात, त्यांना तसं म्हणतात. मी नीट सांगायला हवं होतं."

"नाही दादा, मला विचारायला तोंड होतं," साळू म्हणाली.

इतक्यात सुतारपक्षी परतला. त्याची चोच उघडी होती आणि पंख लटपटत होते. "साल बाधते! मुळी द्या!" साळूने मुळी उगाळून पाडसाच्या जिभेवर घातली. हळूहळू सूज उतरली, श्वास मोकळा झाला आणि तासाभरात ते आईला ढुशा मारून दूध मागू लागले. हरिणी त्याला चाटत राहिली.

साळूचे डोळे भरून आले. "सुतारदादा, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"पण पुढच्या वेळी मी इथं असेनच असं नाही," सुतारपक्षी धापा टाकत म्हणाला. "तुम्ही बाहेर फिरता. तुम्हाला कोळीदादाचंच साधन हवं. नोंदी तिकडे न्यायला मी मदत करतो."

"आणि बिळात असताना रेंज गेली म्हणजे?" कोळी लगेच म्हणाला. "बिळातल्या तुमच्या साधनातही एक नक्कल राहू द्या की!" स्वतःचे घोडे पुढे दामटायचे सोडून दोघे एकमेकांचे गुण सांगत बसले आणि साळू कृतज्ञतेने ऐकत राहिली.

नवा डेटाबेस तयार झाला तेव्हा तिने पहिली नोंद पाडसाची केली. 'गुण कशाने आला' या रकान्यात तिने लिहिले, 'पिवळी मुळी आणि सुतारदादाचे पंख.'

तात्पर्य : साधनाच्या नावाला भिऊन किंवा भुलून निवड करू नये, आपले काम कुठे अडते ते पाहावे आणि जे कळत नाही ते मोकळेपणाने विचारावे.