चाळीस लॅपटॉप आणि एक ग्रंथपाल

कॉलेजातले चाळीस लॅपटॉप पार म्हातारे झाले होते. त्यांना नव्या हार्ड डिस्क बसवायचं काम मिळावं म्हणून कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी रझिया मुजावर तीन नमुने घेऊन संस्थेचे अध्यक्ष असलेल्या निकमसाहेबांसमोर उभी राहिली.

"ही वाऱ्यासारखी पळते, पण जागा कमी. हिच्यात अख्खं कॉलेज मावेल, पण चालीला गोगलगाय. तिसरी पळतेही आणि जागाही भरपूर, पण किंमत झोंबेल."

साहेबांनी तिन्ही बाजूला सारल्या. "मला पळणारी हवी, मोठी हवी आणि स्वस्तात स्वस्त हवी. आणलीस तर काम तुझं. नाहीतर गावात दुकानं काय कमी आहेत?"

भोवती बसलेले संस्थेचे सदस्य माना डोलवत हसले.

रझियाची नजर साहेबांच्या डोक्यामागच्या बोर्डावर गेली. तिथे त्यांच्याच सहीची जाहिरात होती : 'ग्रंथपाल पाहिजे. वय पंचविशीच्या आत, अनुभव वीस वर्षे, मानधन तीन हजार.'

"मिळेल की साहेब," नमुने पिशवीत भरत ती म्हणाली. "तुमचा हा ग्रंथपाल रुजू झाला की कळवा. त्याच्याच हाती डिस्क पाठवते."

सदस्य सवयीने पुन्हा हसले. मग आपण कुणाला हसलो ते कळून एकेक जण समोरचे कागद चाळू लागला.

आठवड्याभरात तिसऱ्या डिस्कची ऑर्डर आली. ग्रंथपाल अजून यायचाय.