तांबटाचा अंगठा

धुंडिराजे महाराजांचे पाय तिसऱ्यांदा ओले झाले, तेव्हा त्यांनी दरबार बरखास्त केला.

सगळा घोळ एका माशापायी. महाराजांनी त्याला उपप्रधान नेमलं होतं आणि राहायला सिंहासनाशेजारी भली मोठी काचेची पेटी दिली होती. पेटीतलं काठाशी आलेलं पाणी एका नळीने सिंहासनाच्या पायथ्याशी असलेल्या हौदात उतरे, तिथे वाळू-कोळशातून गाळलं जाई, आणि दोन पैलवान चाक फिरवून ते दुसऱ्या नळीने परत वर चढवत. ही दुसरी नळी पेटीत वळून थेट तळापर्यंत जाई. पाणी वरून धो धो पडलं तर उपप्रधानांची झोप मोडते, असं महाराजांचं ठाम मत. राज्याच्या चिंतेने दिवाणजी पाच वर्षं जागेच होते, पण त्यांची कुणाला काळजी!

चाक फिरतंय तोवर सगळं झकास. एखादा पैलवान शिंकला, चाक थांबलं, की तीच नळी पाणी उलटं खाली ओढायची. पेटी रिकामी, हौद भरून गालिच्यावर, आणि उपप्रधान तळाशी तडफडताहेत.

महाराजांनी नळ्या घडवणाऱ्या भिकोबा तांबटाला बोलावलं.

"उद्या भर दरबारात मी पैलवानांना जेवायला बसवणार. गालिच्यावर थेंब पडता कामा नये. नळीचं तोंड तळाशीच राहील, हौद मोठा होणार नाही, आणि चाक थांबल्यावर मधे कुणी हात घालायचा नाही. थेंब पडला, तर जन्मभर हौदात बसून तूच नळीला अंगठा लावायचास!"

भिकोबा घरी आला तो रडवेला होऊन. त्याची मुलगी ठमा घंगाळ चकचकीत करत बसली होती.

"कुठं चुकलं ग माझं?" तो म्हणाला. "एकेक सांधा तीनदा तपासला. मुंगी सोड, हवासुद्धा शिरत नाही."

ठमाचा हात थांबला. "तेच चुकलं, आबा."

"काय?"

"हवा शिरत नाही, ते."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ठमाने बाही सारली, पेटीत हात घातला आणि पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर तळाशी जाणाऱ्या नळीत टोच्याने आरपार भोक पाडलं. भिकोबाने डोळे मिटले. आयुष्यभर त्याने भोकं बुजवली होती.

"पाणी सांडतं म्हणून बोलावलं, आणि ही नळीला भोक पाडते!" दिवाणजी ओरडले.

"पैलवानदादा, जेवून घ्या," ठमा म्हणाली.

चाक थांबलं. महाराजांनी दोन्ही पाय सिंहासनावर घेतले. पेटीतलं पाणी उतरू लागलं. बोटभर उतरलं, नळीतून गुडगुड आवाज आला, आणि पाणी थांबलं. पैलवानांच्या दहा-दहा भाकऱ्या झाल्या तरी गालिचा कोरडाच! उपप्रधान शांतपणे शेपटी हलवत होते.

"हे झालं कसं?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, नळी एका दमात पाणी ओढते. पाणी उतरलं तसं भोक उघडं पडलं, हवा आत शिरली आणि नळीचा दम तुटला. ठसका लागला तिला. आपल्याला ताक पिताना लागतो तसा."

महाराज खदखदा हसले. बोटातली हिऱ्याची अंगठी काढून त्यांनी भिकोबाच्या अंगठ्यात घातली. "हाच अंगठा मी हौदात घालणार होतो! आणि पोरी, आजपासून उपप्रधानांच्या पाण्याचा कारभार तुझा. आणखी काय हवं?"

"आधी आबांना धरा, महाराज."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिकोबा सांध्यांना डाख द्यायची तापलेली कांडी घेऊन हळूच पेटीकडे सरकत होता.

"अरे, काय करतोस?"

"माफी असावी, महाराज," भिकोबा कळवळून म्हणाला. "माझ्या नळीला भोक आहे हो. बघवत नाही."

महाराज इतके हसले की सिंहासनावरून घसरले ते थेट हौदात, आणि त्यांचे पाय चौथ्यांदा ओले झाले.