देवीने फासा टाकला

“म्हणजे माझं चुकलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

निनाद प्रभूने हे तिसऱ्यांदा विचारलं.

भिवा मेस्त्री लेथवरचा भुसा फुंकत होते. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे बरेच, पण लाकडी राक्षस, लाकडी राजे आणि वीस पैलूंचे लाकडी फासे करणारे हे एकच.

“मी अजून कायच बोलूक नाय,” मेस्त्री म्हणाले.

“तेच तर! काहीतरी बोला ना!”

मेस्त्रींनी स्टूल पायाने पुढे ढकललं, आणि निनाद बसला.

खेळ त्याला याच माणसाने शिकवला होता. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी चेटकीण, आणि एक जण त्यांना जग सांगतो. डोंगर तो, बाजार तो, वारा तो, चोर तो. देवही तोच. त्याला म्हणायचं सांगणारा. मेस्त्री वीस वर्षं सांगणारे होते. आता निनाद सांगतो, आणि हे खरं की झकास सांगतो. त्याच्या रविवारच्या दुपारी लोक नुसतं ऐकायला म्हणून येऊन भिंतीला टेकून उभे राहतात. त्यामुळे निनादची मान जरा ताठच असायची. आज मात्र तो घाईघाईने आला होता, आणि चपलाही उंबऱ्यात उलट्यासुलट्या सोडल्या होत्या.

कारण शर्वाणी फोन उचलत नव्हती.

शर्वाणी तोरसकर. औषधांच्या दुकानात काउंटरला असते, बोलते कमी. खेळात ती नावाडीण. दोन वर्षं दर रविवारी, बाकीचे तलवारी मोजत असताना, तिची नावाडीण नदीवर जायची, देवीच्या नावाने पाण्यात एक फूल सोडायची आणि परत यायची. मागायची काही नाही. पराग वकील तिची टिंगल करायचा, “अगं, फुकट फुलं कशाला घालवतेस?” ती हसायची.

“पुन्हा सांग,” मेस्त्री म्हणाले. “काय झाला ता.”

निनादने सांगितलं. नदीला पूर. मागे राक्षसांची फौज. गावातली माणसं दोर धरून पलीकडे जातायत, आणि दोराचं टोक नावाडणीच्या हातात, ती गळ्याएवढ्या पाण्यात. दोर निसटायला लागला. तेव्हा शर्वाणी म्हणाली, ‘आई, आजवर काही मागितलं नाही. आज मागते. माझ्याकडे बघ.’

“मगे?”

“मग मी फासा टाकला. दोन पडले. विसातले दोन, म्हणजे नकारच! मी म्हटलं, देवी गप्प राहिली.”

“आणि नावाडीण?”

“...बुडाली.”

मेस्त्रींनी मान हलवली.

“शर्वाणी काय म्हणाली?”

“काहीच नाही. कप विसळून ठेवला आणि गेली.” निनादचा आवाज चढला. “मेस्त्रीकाका, फासा मी सगळ्यांसमोर टाकला. लपवाछपवी नाही, वशिला नाही. याहून जास्त न्याय काय करायचा माणसाने? आता आमच्यातली मनवा म्हणते, शर्वाणी नसेल तर मीही येणार नाही. दोन वर्षांचा डाव मोडायला आलाय. तुम्ही फक्त एवढं सांगा की मी बरोबर होतो. तुमचा शब्द कुणी मोडत नाही. मी त्यांना सांगेन, तीही ऐकेल.”

“बरा...” मेस्त्री म्हणाले. “परागाक देवीन काय दिल्यान?”

“तलवार. अंधारात उजेड देणारी.”

“आणि मनवाक?”

“पाण्यावरून चालायचं वरदान.”

“तेंका फासो टाकलंस?”



“नाही. त्यांना... म्हणजे परागने काय स्तुती केली होती देवीची! अर्धा तास! भिंतीला टेकलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. मनवा तर मागताना खरीखुरी रडली. माझ्या अंगावर काटा आला. तिथे फासा कसला टाकता?”

“हिच्या वेळाक कित्याक टाकलंस मगे?”

“तिने साधंच मागितलं हो. एका ओळीत. मला... आतून काही आलं नाही.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मेस्त्रींनी दुसरंच विचारलं.

“उभो रवलंस?”

“काय?”

“परागाक तलवार दिलंस तेव्हा उभो होतंस?”

हा मेस्त्रींच्या टेबलाचा नियम. खेळाच्या पुस्तकात नाही, दुसऱ्या कुठल्या गावात नाही. देव बोलणार असेल तर सांगणाऱ्याने खुर्ची सोडून उठायचं. राक्षस बसून बोलेल, राजा बसून बोलेल, पण देव बसल्या जागेवरून बोलत नाही. नव्या पोरांना याचं हसू येतं. पहिल्यांदा निनादलाही आलं होतं, पण तो नियम त्याने कधी मोडला नव्हता.

“होतो ना. उभा होतो.”

“मनवाच्या वेळाक?”

“तेव्हाही.”

“आणि शर्वाणीच्या?”



निनादने आठवून पाहिलं. टेबल आठवलं, चहाचे कप आठवले, तिचा पालथा पडलेला हात आठवला. फासा घेण्यासाठी तो पुढे वाकला होता. वाकला होता... उठला नव्हता. ‘देवी गप्प राहिली’ हे वाक्य त्याने खुर्चीत रेलून म्हटलं होतं.

“बसून,” तो म्हणाला.

देवी गप्प राहिली नव्हती. देवी आलीच नव्हती. गळ्याएवढ्या पाण्यातून एका बाईने हाक मारली, आणि तिथे कुणी नव्हतंच.

“उठ,” मेस्त्री म्हणाले.

तो उठला.

“तू देवी. मी नावाडीण.” एवढं म्हणून तो सत्तरीचा माणूस दुखरा गुडघा धरत जमिनीवर, भुशात, खाली बसला. त्यांनी एक हात वर केला, जणू मुठीत दोर आहे.

“आई... आजपर्यंत कायच मागूक नाय. आज मागतंय. माज्याकडे बघ.”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

निनादला काय करावं सुचेना. काहीतरी म्हणायला हवं होतं. शब्दांचा बादशहा तो, पण एक शब्द फुटेना.

“हात खंय गेलो तुझो?” मेस्त्रींनी खालून विचारलं.

निनादने पाहिलं. त्याचा हात खिशात होता. बोटांत फासा होता.

त्याने चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला. फासा भुशात पडला.

हा फासा मेस्त्रींनीच त्याला दिला होता, पहिला डाव सांगितला त्या दिवशी. लिंबाएवढा, लाखेने लाल केलेला, वीस पैलू एकसारखे. असा फासा मेस्त्रींनी दुसऱ्या कुणाला करून दिला नव्हता, आणि निनाद ते ज्याला त्याला ऐकवायचा.

मेस्त्री उठले. फासा उचलला. लेथमध्ये पकडला. बटण दाबलं.

“काका, काय करताय?”

पटाशी लागली. आकडे उडाले. लाल लाख आधी गेली, मग कोपरे, मग खालचं पांढरं लाकूड.

“काका! अहो, थांबा! काका!”

मेस्त्री थांबले नाहीत. फासा उलटा पकडून त्यांनी दुसरी बाजूही उतरवली. निनाद नुसता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते भुशामुळे नव्हतं.

लेथ बंद झाली. मेस्त्रींनी त्याच्या तळहातावर एक गुळगुळीत गोळी ठेवली. अजून गरम होती.

“आता टाक.”

निनादने टाकली. गोळी टेबलावरून घरंगळली, खाली पडली, फरशीवरून गेली, आणि दाराशी त्याच्या उलट्या चपलेला लागून थांबली.

“किती पडले?”



गोळीवर आकडाच नव्हता. निनाद स्टुलावर बसला. मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा उठला.

“मी देतो तिला,” तो भराभर बोलायला लागला. “आजच जातो. दुकानात जातो, सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. नावाडीण बुडालीच नाही असं सांगतो. देवीने तिला तळाशी झेललं. तलवार देतो, वरदान देतो, परागला दिलं त्याच्या दुप्पट देतो. नदीच तिच्या नावावर करतो! ती मागेल ते...”

“ती घेवची नाय.”

“का नाही घेणार? रागावली असेल, मान्य. पण मी पाया पडेन. तुम्हाला काय माहीत ती घेणार नाही?”

“परवा इली होती. हंयच बसली होती, तुझ्या जाग्यार.”

म्हणजे सगळं आधीच या माणसाच्या कानावर आलं होतं. हा मघापासून वदवून घेत होता... आणि ती माझ्याकडे न येता इथे आली! त्याचे कान तापले. आता आपल्याविषयी काय काय बोलून गेली असेल, कुणास ठाऊक.

“तक्रार केली माझी?”

“नाय.”

“मग? डाव सोडते म्हणाली?”

“तसा कायच नाय. तुझा नाव सुद्धा घेवक नाय.”

“मग आली कशाला होती?”

मेस्त्री भुसा गोळा करायला वाकले.

“रडत होती रे... माका विचारूक लागली, ‘दोन वर्षांत पयल्यांदा हाक मारलंय, आणि ती इली नाय. मेस्त्रीनू... देवीची तब्येत बरी असा ना?’”