पुण्याचा सहावा वाटा

कुरंगपुरात दवंडी पिटली. पौर्णिमेपर्यंत प्रत्येक आळीने आपल्या पुण्याचा सहावा वाटा राजवाड्यात आणून द्यावा. आणि नुसता द्यायचा नाही, राजा मेघदत्ताला तो स्वतःला जाणवला पाहिजे. जी आळी देणार नाही, तिचं पोटापाण्याचं साधन जप्त!

बुरूड आळीचं पोट नदीकाठच्या वेळूच्या बनावर चालायचं. बन गेलं की साठ माणसांची सुपं-टोपल्या बंद आणि चुलीही बंद.

हे खूळ राजाच्या डोक्यात भरलं होतं राजपुरोहित रुद्रभूतीने. धान्याप्रमाणे प्रजेच्या पुण्याचाही सहावा वाटा राजाचा, असं शास्त्रात आहे म्हणे. तो हे सांगत होता तेव्हा शेजारी बोधिगुप्त नावाचे म्हातारे भिक्खू बसले होते. एरवी पुरोहिताने पूर्व म्हटलं की हे पश्चिम म्हणायचे, पण त्या दिवशी दोघांच्या माना एकदम डोलल्या. एकाला राजाकडून नवा यज्ञ हवा होता, दुसऱ्याला डोंगरात नवं लेणं. राजाने आजवर दोन्ही पुष्कळ केली होती, तरी स्वर्गाची खात्री काही पटत नव्हती. तो म्हणाला, वाटा माझा आहे ना, मग इतकी वर्षं राहिला कुठे? मला बघायचाय.

पौर्णिमेच्या सकाळी राजवाड्यापुढे रांग लागली. सोनारांनी सोन्याचं कमळ आणलं. राजाने ते ठेवून घेतलं आणि वर विचारलं, हे तर सोनं झालं, यात पुण्य कुठाय? सोनारांच्या भट्ट्या जप्त. तेल्यांनी देवळातला दिवा आणला. राजाने ज्योतीवर हात धरला, हात भाजला, घाणे जप्त. खुद्द पुरोहिताने यज्ञाची राख पुढे केली. राजाला राखेने शिंक आली, तेवढंच काय ते जाणवलं. पुरोहिताचं मात्र काहीच जप्त झालं नाही. ते कसं होणार?

मग सामळी बुरुडीण पुढे आली. पन्नाशीची विधवा, अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. तिने झाकणाची टोपली राजापुढे ठेवली. राजाने उघडली. आत काहीच नाही.

"रिकामी आहे ही," राजा म्हणाला.

"पोटही असंच होतं, महाराज. श्रावणात तुम्हाला ताप भरला, तेव्हा सगळ्या गरिबांनी सहा दिवस उपास करावा असा हुकूम आला. आम्ही केला. आमच्याकडे यज्ञाला तूप नाही, दानाला सोनं नाही. जे काय पुण्य आहे ते त्या उपासाचंच. सहा दिवसांचा सहावा वाटा म्हणजे एक दिवस. तो तुमचा. आज काही खाल्लंत?"

"अजून नाही."

"मग दिवस मावळेपर्यंत खाऊ नका. जाणवलं नाही तर बन जप्त करा."

पुरोहित लगबगीने पुढे झाला. महाराजांच्या वतीने उपास आपण करू, दक्षिणा म्हणून शंभर गाई पुरे. श्रावणात पुरोहितानेही उपास धरला होता, पण प्रकृती नाजूक म्हणून दूध, तूप आणि केळ्यांवर कसंबसं भागवलं होतं. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

"भूक तुमच्या पोटात, तर महाराजांना जाणवणार काय?" सामळी म्हणाली. "एवढी हौस आहे तर शेजारी बसा. गाईंशिवाय."

राजाला ते पटलं. पुरोहिताला बसवलं. भिक्खूंनी शांतपणे सांगितलं की आपण दुपारनंतर जेवतच नाही.

"मग सकाळचंही राहू द्या, बाबा."

तेही बसले.

दुपारी मुदपाकखान्यातून तुपाचा वास सुटला. राजाने मांडी बदलली. पुरोहिताने मंत्र म्हणायला घेतले आणि मधल्या ओळी विसरला. भिक्खू डोळे मिटून बसले होते, पण त्यांच्या पोटाला मौन पाळता येईना. तिसऱ्या प्रहरी राजा भालदारावर खेकसला, मग स्वतःच्या मुकुटावर, मग सूर्यावर. सामळी पायरीवर बसून वेळूच्या कांब्या सोलत होती. तिला यात नवीन काही नव्हतं.

सूर्य बुडायला आला तेव्हा राजाने पोट धरलं. "आत काहीतरी कुरतडतंय गं!"

"पोचलं म्हणायचं. तेच पुण्य."

"हेच? आणि हे तुम्ही सहा दिवस केलंत?"

"हो. हा माझ्या एकटीचा वाटा झाला, महाराज. आळीत साठ माणसं आहेत. तुमचे एकोणसाठ दिवस अजून यायचेत. उद्या माझी जाऊ येईल. बाकीचं नगर मी हिशेबात धरलेलं नाही."

राजाने पुरोहिताकडे पाहिलं. पुरोहिताचा चेहरा पांढराफटक. "महाराज," तो पुटपुटला, "शास्त्रात असंही आहे, की राजाने मनात आणलं तर वाटा माफ करता येतो."

राजा इतका हसला, इतका हसला, की रिकाम्या पोटात कळ आली आणि तरी तो हसतच राहिला. त्याने सोनारांच्या भट्ट्या आणि तेल्यांचे घाणे तिथल्या तिथे परत केले. वेळूचं बन बुरूड आळीला कायमचं दिलं आणि तसा ताम्रपट कोरायला सांगितला. शिवाय शिजलेलं सगळं अन्न आळीत पाठवलं. पुरोहिताच्या वाट्याचंसुद्धा.