हौसाचं टाकं

हे खडकातलं टाकं बघा. आमच्या वाडीला पाणी हेच. वर्षभर बायाच भरतात, पण आजच्या जत्रेला देवीचा कलश गडीमाणसं भरतात, तेही लुगडं नेसून. मी सगुणा, टाक्याची राखण माझ्याकडं. फोटो नंतर काढा, आधी ऐका.

लई जुनी गोष्ट. वाडीत एक हैबती होता, असं सांगतात. होता म्हणजे लोकांच्या लेखी. स्वतःच्या लेखी ती हौसा. लुगडं नेसायची, बायांच्यात बसून भाकऱ्या थापायची, घरोघरच्या बाळंतिणींचं पाणी भरायची. राबायला बाई म्हणून सगळ्यांना चालायची, मग मानाला का नको? तेवढंच तिनं मागितलं. म्हणाली, यंदा देवीचा कलश माझ्या डोक्यावर द्या.

तेव्हा कलश बायांचा मान होता. हौसा कलश भरून वर आली, तर पाटील म्हणाला, "आधी खात्री करून घेऊ." आणि ह्याच पायरीवर, भर जत्रेत, गड्यांनी तिचं लुगडं फेडलं. लोक हसले. बायाही तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना मी सोडणार नाही. जिनं त्यांच्या बाळंतपणात पाणी वाहिलं, तिलाच हसल्या. अजून सांगताना माझ्या अंगाची आग होते.

हौसानं कलश टाक्यात पालथा केला आणि तशीच डोंगर उतरून गेली. तिच्यामागं पाणीही गेलं म्हणे. टाकं कोरडं ठणठणीत. पाटलानं देवीला बकरं दिलं, खडक फोडून बघितला, पण थेंब येईना.

शेवटी हौसाची आई, तान्हूबाई, तेच लुगडं घेऊन आली. "बकऱ्यानं काय केलंय? फेडलंत तुम्ही, आता नेसाही तुम्हीच. आणि कुणी हसायचं नाही." पाटील लुगडं नेसून, मान खाली घालून पायऱ्या उतरला. सगळे गप्प राहिले, तेव्हा कुठं खडकाला ओल आली.

पाणी आलं. हौसा आली नाही. पाण्यासाठी ह्यांनी खडक फोडला, पण तिला शोधायला आईशिवाय कुणी गेलं नाही.

आजही कलश नेताना कुणी हसलं, तर पाणी परत टाक्यात ओततात आणि पहिल्यापासून भरतात. तो बघा, आमचा रावजी कलश घेऊन वर येतोय. आणि तुम्ही, चष्मेवाले, त्याच्याकडं बघून आत्ता दात काढलेत. मी बघितलं.

पाव्हणं असलात म्हणून काय झालं? रावजी, ओत तो कलश. आणि ह्यांना लुगडं द्या गं कुणीतरी. आता पाणी हेच भरतील.